दुभाष्यानं गाळलेलं वाक्य

घाटनांदूरमध्ये राहून मी एका फिलिपिनी बाईंचा दुभाष्या झालो होतो, हे चारचौघांत सांगितलं की लोक आधी हसतात. हसावंच. मी सांगायला सुरुवातच अशी करतो की माणूस हसला पाहिजे. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. गॅदरिंगचं निवेदन माझ्याकडे असतं. लग्नात माइक एकदा हातात आला की अक्षता लोकांच्या मुठीत घामेजून जातात, पण मी काही थांबत नाही. पंचवीस वर्षं पोरांना पॅसिव्ह व्हॉइस शिकवला, पण त्या इंग्रजीत हाडामांसाच्या माणसाशी बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती आली तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना पाणी लावलं आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून समोर मांडी घालून बसलो. एखाद्या मोठ्या पंचायतीत भारताची बाजू मांडायला बसल्यासारखा.

प्रकरण माझ्या धाकट्या भावाचं होतं.

तो परळीच्या थर्मल वीजकेंद्रावर एका ठेकेदाराकडे वेल्डिंग शिकला. हात असा की त्यानं जोडलेल्या पाइपावरून बोट फिरवलं तर सांधा कुठं आहे ते कळू नये. त्या हाताच्या जोरावर तो आखातात गेला, समुद्राकाठच्या एका तेलाच्या कारखान्यात. चार वर्षांत एकदा येऊन गेला. बायको इथं आमच्यातच. तिकडे कॅम्पातल्या खोलीत त्याच्या शेजारच्या खाटेवर फिलिपिन्सचा एक पाइपफिटर होता. दोघांची दोस्ती सुकटीवरून झाली. त्या माणसानं आईनं पाठवलेली वाळकी मासळी तव्यावर टाकली, खोलीतले बाकीचे नाक धरून बाहेर पळाले आणि आमचा एकटा वास घेत जवळ गेला. आमच्या बाजारात सुकटीचा ढीग लागतो तिथलंच नाक ते. तेव्हापासून ते एका ताटात जेवायचे. बोलायचे कोणत्या भाषेत, तर साइटवरच्या खिचडीत. चार शब्द हिंदी, चार इंग्रजी, बाकी हातवारे.

पुढं त्याच माणसाच्या लक्षात आलं की आमचा जेवत नाही. आपलं वेगळं वाढून घ्यायचा, ताट घेऊन बाहेर जायचा, अन्न टाकून द्यायचा आणि ताट घासून, निथळत परत आणून ठेवायचा. आम्हाला व्हिडिओवर दाखवायचा ते भरलेलं ताट. "बग, आज चिकन हाय." आम्ही खूश. मी तर म्हणायचो, "आमच्या वाटचं बी खा बे!"

फिलिपिनी लोकांची तिकडे एक सोय होती. त्यांच्याच मुलखातल्या एक बाई. आधी आखातातच कितीतरी वर्षं नर्स होत्या. मग मनाच्या आजारांचं शिकून घेतलं आणि आता आपल्या गावी बसून परदेशातल्या आपल्या माणसांशी सुट्टीच्या दिवशी फोनवर बोलायच्या. घरकाम करणाऱ्या बाया, बांधकामावरची माणसं, जहाजावरची पोरं. रडायला जागा नसलेली माणसं त्यांच्याकडे रडायची. आमच्यासाठी तसं कोणी होतं का, मला ठाऊक नाही. आम्ही शोधलंही नव्हतं. त्या पाइपफिटरनं बाईंपाशी हट्ट धरला की माझ्या दोस्ताशी बोला. बाई म्हणाल्या, त्याची भाषा मला येत नाही. हा म्हणाला, त्याचा भाऊ इंग्रजीचा मास्तर आहे.

झालं. रंगमंच तयार झाला!

तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून पहिल्या शुक्रवारी मी शाळेतून लवकर निघून आलो आणि दुपारी चारला मोबाइलच्या पडद्यावर तीन चौकोन उघडले. एकात बाई, पन्नाशीच्या, गोल चेहरा, मागं भिंतीवर कॅलेंडर. एकात भाऊ, त्याच्या खांद्याशी तो पाइपफिटर. तिसऱ्यात मी. मी घसा साफ करून सुरू केलं, "गुड आफ्टरनून अँड हार्टी वेलकम टू ऑल." बाई हसल्या. म्हणाल्या, थँक यू सर, तुमच्या खोलीत आणखी कोण आहे?

खोलीत आई होती. भावाची बायको दाराआड होती. शेजारची पाच-सहा जणं भिंतीला टेकून बसली होती, उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग होता. सगळ्यांना मीच बोलावलं होतं. माझं इंग्रजी ऐकायला आणखी कधी मिळणार होतं त्यांना?

"ओन्ली मी, मॅडम," मी म्हणालो आणि हातानं सगळ्यांना चूप केलं. कोणाला तरी हसू आवरेना, तो तोंडात टॉवेल कोंबून बाहेर पळाला.

बाईंनी भावाला त्यांच्या भाषेतच विचारलं, "कुमाईन का ना?" मग मला अर्थ सांगितला, जेवलास का? त्यांच्याकडे भेटल्यावर आधी हेच विचारतात म्हणे. आई खूश झाली. "बग की, आपल्यावानीच हाईत!" मी ओठांवर बोट ठेवलं.

बाईंनी विचारलं, कसं वाटतं? भाऊ म्हणाला, "बरं हाय." मी म्हणालो, "ही इज फाइन." बाई म्हणाल्या, "आमची माणसं 'ओके लांग' म्हणतात. म्हणजे ठीक आहे. कोणी तीनदा ओके लांग म्हणालं की मी फोन ठेवत नाही." मी हे भावाला नाट्यछटेसारखं करून सांगितलं, बाईंचा आवाज काढून. भिंतीजवळची मंडळी खुसखुसली. पडद्यावर भावाच्या तोंडाचा एक कोपरा जरासा हलला. मला वाटलं, लागू पडतंय औषध.

दुसऱ्या शुक्रवारी तो पहिलं खरं वाक्य बोलला. बाईंनी विचारलं, सकाळी उठल्यावर काय वाटतं? तो बराच वेळ बोटांची नखं बघत बसला. मग म्हणाला, "जीव नको झालाय, दादा."

आता हे वाक्य आमच्याकडे काय आहे, ते ऐका. ऊन तापलं की जीव नको होतो. म्हशीनं लाथ मारली की जीव नको होतो. पाहुणे दोन दिवस जास्त राहिले, मिरची संपली, मास्तरनं गृहपाठ दिला, सगळ्यानं जीव नको होतो. माझी आई तर सकाळी चूल पेटेना म्हणून "मेले ग बाई" म्हणत उठते आणि रात्री "मरू दे तिकडं" म्हणत निजते. मी म्हणालो, "मॅडम, ही इज फेड अप."

बाई म्हणाल्या, त्याचे शब्द जसेच्या तसे सांगा.

मी सांगितले. बाईंचा चेहरा बदलला. मला तो बदल आवडला नाही, कारण प्रयोग पडत चालल्यासारखं वाटलं. म्हणून मी हात पसरून म्हणालो, "मॅडम, इन अवर डिस्ट्रिक्ट एव्हरीबडी डाइज टेन टाइम्स बिफोर लंच!" आणि म्हशीचं, मिरचीचं, आईचं सगळं रंगवून सांगितलं. बाई हसल्या. मनापासून हसल्या. परदेशी माणसाला इंग्रजीत हसवलं, ही माझ्या उभ्या आयुष्यातली मोठी दाद. ते हसू मी पुढं आठवडाभर स्टाफरूममध्ये सांगत होतो.

भाऊ हसला नव्हता. त्याला माझं इंग्रजी कळलं नव्हतं, पण आपल्या वाक्यावर दोन माणसं हसताहेत, एवढं त्याला दिसलं होतं.

तिसऱ्या शुक्रवारी मी शेजारच्यांना बोलावलं नाही. तेवढी अक्कल आली होती. आई बाजेवर होती. भावाची बायको दाराच्या चौकटीत उभी होती, डोक्यावर पदर. ती माझ्याशी सरळ बोलत नसे. काही सांगायचं असलं तर आईकडे बघून, "आत्याबाई, भाऊजींना इचारा." बारावी शिकलेली पोरगी, पण घरातली रीत ती रीत.

बाई त्या दिवशी भावाशी बोलायच्या आधी माझ्याशी बोलल्या. सावकाश, शाळेत शिकवावं तसं. म्हणाल्या, सर, आज मी त्याला एक सरळ प्रश्न विचारणार आहे. तो तुम्ही शब्दाला शब्द सांगायचा. गोड करायचा नाही. आमच्या घरांतूनही लोकांना वाटतं की असं विचारलं तर ते डोक्यात शिरेल. तसं होत नाही. न विचारल्यानं माणूस एकटा राहतो.

मी मान डोलावली. "शुअर, मॅडम. वर्ड टू वर्ड."

मग त्यांनी भावाकडे बघितलं आणि विचारलं. आत्महत्येचा विचार येतो का? त्यांनी तो शब्द इंग्रजीत उच्चारला. सुसाइड.

मला माझी त्या क्षणीची खोली जशीच्या तशी दिसते. दुपारचं ऊन फरशीवर. आई बाजेवर शेंगा फोडत होती. मला लहानपणापासून हिनं एकच गोष्ट बजावली होती, घरात बसून अभद्र बोलू नये. वास्तू ऐकत असते. कोणत्या घडीला 'तथास्तु' म्हणेल, सांगता येत नाही. आमच्याकडे पोरगा "मेलो" म्हणाला तर चालतं, ते नुसतं तोंडाला आलेलं असतं. पण थोरल्या भावानं धाकट्याला, आईच्या देखत, आपल्या छपराखाली बसून, खरोखर विचारायचं? तुला मरायचं आहे का?

माझ्याकडे मराठीत शब्द होते. मुबलक होते. शब्दांवर तर मी गावात मिरवतो.

मी म्हणालो, "बाई इचारतेत, जेवतोस का नीट?"

चौकटीत काकणं वाजली. मी बघितलं तर भावाची बायको माझ्याकडे रोखून बघत होती. पदर मागं सरकला होता, तिला त्याचं भान नव्हतं. बारावी नसती झाली तरी तिला तो शब्द कळला असता. आमच्या बीड जिल्ह्यात बातम्या बघणाऱ्या कोणालाही इंग्रजीतला तो एक शब्द कळतो.

पडद्यावर भाऊ परत नखं बघत बसला. त्यानं आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाला, "जेवतो की."

मी बाईंना म्हणालो, "नो, मॅडम. ही सेज नो."

बाईंनी विचारलं, एवढा वेळ का लागला त्याला? मी म्हणालो, "ही इज शाय." त्या समाधानानं नाही, पण मान हलवून पुढं गेल्या. संध्याकाळी फिरायला जा, सुट्टीला आमच्या पोरांबरोबर गाण्याला बस, असं काही सांगत राहिल्या. मी एकही शब्द न गाळता सांगितला. त्या दिवशीचं बाकीचं माझं भाषांतर अगदी निर्दोष होतं.

फोन ठेवल्यावर भावजय आईला म्हणाली, "आत्याबाई, भाऊजींना इचारा, बाई तेच म्हनल्या का?"

आईनं विचारायच्या आत मी म्हणालो, "तेच म्हणल्या. चहा टाक."

तिनं चहा टाकला.

चौथा शुक्रवार आला नाही. त्याच्या आधीच मंगळवारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, भावाच्या नंबरवरून फोन आला. बोलत होता पाइपफिटर. धापा टाकत होता.

"ब्रदर, आय आस्क हिम."

मला कळेना. "व्हॉट यू आस्क?"

"आय आस्क. भाई, मरना मांगता? ही से, हां."

पंधरा शब्द हिंदी येणारा माणूस. क्रियापद धड नाही. त्यानं विचारलं आणि त्याला उत्तर मिळालं. कुठं विचारलं, भाऊ तेव्हा कोणत्या अवस्थेत त्याला सापडला होता, ते त्यानं मला सांगितलं. ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही. त्यानं भावाचा हात धरून त्याला खोलीत आणलं, स्वतःची खाट ओढून दारासमोर लावली आणि आपल्या बाईंना फोन केला. दोन दिवस तो कामावर गेला नाही. त्याबद्दल त्याला तिकडे काय भोगावं लागलं, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माझी विचारण्याची तऱ्हा तुम्हाला एव्हाना कळलीच असेल.

बाईंचा मला एकदाच फोन आला. व्हिडिओ नव्हता.

"सर, माझा प्रश्न तुम्ही त्याला विचारला होता का?"

मी म्हणालो, "मॅडम, दॅट डे लाइन वॉज नॉट क्लिअर."

   त्या म्हणाल्या, "आता लाइन क्लिअर आहे."

मग मी सांगितलं. वास्तूचं सांगितलं, आईचं सांगितलं, थोरलेपणाचं सांगितलं. इंग्रजीत ते सगळं फार केविलवाणं वाटत होतं. हाऊस इज लिसनिंग, मॅडम. त्या हसल्या नाहीत. मला वाटलं होतं, रागावतील. त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. नातेवाइकाला दुभाष्या करू नये, हे मला शिकवलेलं होतं. पण दुसरं कोणी नव्हतं." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

कंपनीनं भावाला परत पाठवलं. पाइपफिटरनं विमानतळावर एका ओळखीच्या माणसाच्या हातात त्याचा हात दिला. तो माणूस हैदराबादपर्यंत आला आणि पुढं परळीच्या गाडीत बसवून गेला. मी आणि भावजय परळी स्टेशनवर घ्यायला गेलतो. तो उतरला. बॅग त्याच्याच हातात होती, पण बॅगच त्याला घेऊन चालल्यासारखी दिसत होती. मी नेहमीच्या थाटात ओरडलो, "या साहेब! गाडी टायमावर आली, आता तुमच्यासाठी बँड लावायचा का?" बाकड्यावरचे दोघे-तिघे हसले. भावानं माझ्याकडे बघून मान हलवली, अनोळखी माणसानं रस्ता विचारला तर हलवतात तशी. भावजयीनं त्याच्या खांद्यावरची राख झटकली. परळीच्या थर्मलची राख, येताजाता सगळ्यांच्याच अंगावर बसते. ती मात्र कितीतरी वेळ झटकत होती.

गावात मी सांगितलं, तिकडची कंपनी बंद पडली. छान रचून सांगितलं. मालकाचं भांडण, कोर्ट, शेख, उंट. लोकांनी मान्य केलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तो झोपतो. जागा असला की गोठ्याच्या सावलीत बसतो. एका शेजाऱ्यानं गेटाचं कडी-कोयंड्याचं काम आणून दिलं, मी मशीन भाड्यानं आणली. त्यानं मशीन सुरू केली, काच डोळ्यांवर घेतली आणि तसाच बसून राहिला. काचेमागं डोळे उघडे की मिटलेले, दिसत नव्हतं. शेवटी शेजारी म्हणाला, "राहू दे मास्तर, काय घाई न्हाई."

दर महिन्याला गोळ्यांसाठी त्याला मी घेऊन जातो. मागच्या महिन्यात फाट्यावर बस उशिरा होती. चिंचेखाली आम्ही दोघंच. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. मला वाटलं, इथं तथास्तु म्हणायला कोणी नाही. हसू नका, मी खरोखर असंच मोजून-मापून ठरवलं होतं.

मी म्हणालो, "बाईंनी त्या दिवशी इचारलंतं ते..."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. इतक्या दिवसांत त्यानं एवढ्या लवकर उत्तर दिलं नव्हतं. "सुसाइड म्हनल्या. ते कळतंय की मला. तू जेवनाचं इचारलास. म्हनलं, दादाला ऐकायचं न्हाई. मग कावून सांगायचं?"

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. तो मी पूर्ण जाऊ दिला. मग मी विचारलं. मराठीत, शब्दाला शब्द. आवाज माझा नव्हताच जणू, कसला थाट नाही, चढ नाही, उतार नाही. "तुला आता मरावंसं वाटतं का रे?"

मी थांबलो. होय म्हणाला असता तर मी त्याचा हात धरला असता. नाही म्हणाला असता तरी धरला असता. दोन्हीची तयारी करून मी बसलो होतो.

त्यानं वळणाकडे बघितलं. "बस आली," म्हणाला आणि उठून उभा राहिला.

बसमध्ये दोन वेगळ्या जागा मिळाल्या. तो पुढं, मी मागं. अंबाजोगाई येईपर्यंत मी त्याच्या मानेकडे बघत बसलो. मानेवरून काही कळत नाही. कंडक्टर ओळखीचा, म्हणाला, "मास्तर, आज गप कावून?" मी म्हणालो, "घसा बसलाय."

संध्याकाळी हातपाय धुऊन ओसरीत आलो तर भावजय तिथंच उभी होती. आई देवळात गेली होती. मधे कोणी नव्हतं. ती पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली.

"इचारलं का, भाऊजी?"

तिला कसं कळलं, मी विचारलं नाही. "विचारलं," मी म्हणालो.

"काय म्हनले?"

"बस आली म्हणाला."

तिनं मान हलवली. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "मी रोज इचारते. आल्या दिवसापासून."

"मग? तुला काय म्हणतो?"

"पानी दे म्हनतेत."

"मग तू काय करतीस?"

"पानी देते," ती म्हणाली.